झाकली मूठ दहा हजार पौंडांची

नायककथा म्हणजे गाजलेली प्रेमकादंबरी पुन्हा एकदा, पण या खेपेस नायकाच्या तोंडून. नाच तोच, पाऊस तोच, नकारही तोच. बदलतो फक्त दौतीचा धनी. शेवट वाचकाला पाठ असल्यामुळे या प्रकारात उत्कंठा नसते, तिच्या जागी खुलासा असतो. सरकारी कचेरीत ‘कारणे दाखवा’ नोटिशीला जे उत्तर जाते, त्याच्याशी नायककथेचे जवळचे नाते आहे. फरक इतकाच, की इथे नोटीस कोणी काढलेलीच नसते.

पुरुषाच्या हाती लेखणी दिली की काय होते, याचा अनुभव इंग्रजी कादंबरीला फार लवकर आला. सॅम्युअल रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ १७४७-४८ मध्ये निघाली. कादंबरी पत्ररूप, त्यामुळे नायिकेचा घात करणाऱ्या लव्हलेसलाही पोटभर पत्रे लिहायला मिळाली. तो लिहितो मोठे बहारदार. अनेक वाचक त्याच्यावरच भाळले, आणि पुढच्या आवृत्त्यांत तळटीपा व जादा मजकूर घालून ‘हा मनुष्य वाईट आहे’ असे बजावण्याची पाळी रिचर्डसनवर आली. उतारा म्हणून त्याने १७५३ पासून ‘सर चार्ल्स ग्रँडिसन’ हा निष्कलंक पुरुष सात खंडांत उभा केला. सात खंड निष्कलंक राहणाऱ्या माणसाचे पुढे काय होते, हे आज तो किती जणांना आठवतो यावरून कळते.

जेन ऑस्टेनला मात्र ग्रँडिसन आवडे. तिने स्वतः लिहायला घेतले तेव्हा नेमके उलट केले. तिच्या कादंबऱ्यांत निव्वळ पुरुषच बसून बोलत आहेत असा प्रसंग जवळजवळ सापडत नाही. पुरुष बिलियर्ड खेळायला उठले की निवेदन बायकांपाशी थांबते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला (१८१३) डार्सी नोव्हेंबरात लंडनला निघून जातो आणि थेट पुढच्या वसंतात केंटमध्ये भेटतो, मधल्या महिन्यांबद्दल चकार शब्द नाही. त्याच्याविषयी गावाला प्रथम कळते ते त्याचे उत्पन्न, वर्षाला १०,००० पौंड. मित्र बिंगलीचे चार-पाच हजार, म्हणजे तेही स्थळ वाईट नव्हे. बाकी सारी मूठ झाकलेली. त्या मुठीत काय असावे, हे वाचणाऱ्या प्रत्येक पिढीने आपापल्या सोयीने ठरवले आणि डार्सीची किंमत वाढत राहिली.

मूठ उघडण्याचे निमित्त दूरचित्रवाणीने दिले. १९९५ च्या बीबीसी मालिकेत कॉलिन फर्थच्या डार्सीने पेंबर्ली या आपल्या वाड्याच्या तळ्यात बुडी मारली. मूळ कादंबरीत डार्सी कुठेही पाण्यात उतरत नाही. पण सदरा एकदा भिजला तो भिजला. पुढच्याच वर्षी जॅनेट एल्मर यांचे ‘डार्सीज स्टोरी’ आले. पामेला एडन यांनी २००३ ते २००५ या काळात त्रिखंडात्मक डार्सी लिहिला. त्यातला मधला खंड कादंबरीतल्या त्या रिकाम्या महिन्यांवरच बांधलेला आहे. जिथे ऑस्टेनला सांगण्याजोगे काही दिसले नाही, तिथे एक अख्खे पुस्तक बसले.

कारखानदारी पद्धतीचा मान अमांडा ग्रेंज यांचा. २००५ मध्ये त्यांनी डार्सीची रोजनिशी प्रसिद्ध केली. पुढे ऑस्टेनचे इतर नायक, म्हणजे नाइटली, कॅप्टन वेंटवर्थ, एडमंड बर्ट्रम, कर्नल ब्रँडन आणि हेन्री टिल्नी हेही रोज रात्री नेमाने लिहीत असत, असे निष्पन्न झाले. २०११ मध्ये तर डार्सीच्या गोष्टीतला खलनायक विकहॅम याचीही रोजनिशी निघाली. कर्जे बुडवून पळणारा हा गडी निदान वही तरी जपून ठेवी, ही त्याच्या स्वभावातली एकमेव शिस्त म्हणायची. रोजनिशीची अडचण अशी की तिच्यात सगळ्यालाच कारण लागते. डार्सी पहिल्याच नाचात नायिका एलिझाबेथला ऐकू जाईल अशा बेताने तिचा पाणउतारा करतो. मूळ पुस्तकात तो निव्वळ उद्धटपणा आहे, म्हणून पुढचे पश्चात्तापाचे प्रकरण रंगते. ग्रेंज यांची रोजनिशी मात्र त्याआधीच, बहीण जॉर्जियानाला विकहॅम फूस लावतो त्या रॅम्सगेट प्रकरणापाशी सुरू होते. साहजिकच नाचापर्यंत येता येता वाचक डार्सीच्या बाजूने साक्ष द्यायला तयार असतो. बिचारी एलिझाबेथ एकटीच त्याच्यावर रागावलेली राहते.

वास्तविक डार्सीचा खुलासा ऑस्टेनने स्वतःच देऊन ठेवला होता. नकार मिळाल्यावर तो एक पत्र लिहितो; पत्राला एक प्रकरण लागते आणि एलिझाबेथला ते पचवायला पुढचे एक. ऑस्टेनच्याच ‘पर्स्युएशन’मधल्या वेंटवर्थचे तर एका चिठ्ठीत भागते, आणि तीही त्याच खोलीत बसून, इतर माणसे बोलत असताना खरडलेली.

काही नायकांचा खुलासा जड जातो. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मधला (१८४७) रॉचेस्टर आपली पहिली बायको माळ्यावर कोंडून ठेवतो आणि ती जिवंत असताना दुसऱ्या लग्नाला उभा राहतो. शिवाय तो अबोल नाही. लग्न मोडल्यावर जेनपुढे तो पानेच्या पाने आपली कैफियत मांडतो, तेव्हा मुळात झाकलेले काही उरतच नाही. तरीही सारा शूमेकर यांनी २०१७ मध्ये त्याला ‘मिस्टर रॉचेस्टर’ हे पुस्तक मिळवून दिले. त्याआधी, १९६६ मध्ये, जीन ऱ्हीस यांनी ‘वाइड सार्गासो सी’चा बराचसा मधला भाग त्याच्याच तोंडी दिला होता, मात्र नाव न घेता. तिथे तो जितका बोलतो तितका अडकत जातो. मराठी वाचकाला ही रीत परकी नाही. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) राजाही स्वतःच बोलतो, पण शेजारी देवयानी आणि शर्मिष्ठाही बोलतात. ययाती कबुली देतो. डार्सीची रोजनिशी देते ती सफाई.

अलीकडच्या नायकांना दुसऱ्या लेखिकेची वाट पाहावी लागत नाही. स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’ची (२००५) कथा नायक एडवर्डच्या बाजूने सांगण्याचे काम त्यांनी स्वतःच हाती घेतले. २००८ मध्ये पहिली बारा प्रकरणे फुटून बाहेर आली, त्यांनी काम थांबवले आणि ‘मिडनाइट सन’ २०२० मध्ये निघाले. मूळ पुस्तक पाचशे पानांच्या आत, हे सहाशेच्या पुढे. एडवर्डला सगळ्यांच्या मनातले ऐकू येते, फक्त नायिकेच्या नाही. जादा पानांचा हिशेब इथेच लागतो.

मधल्या काळात ई. एल. जेम्स यांनी ‘ट्वायलाइट’च्या चाहतेगिरीतून ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’ (२०११) उभे केले. त्याच्या नायकाची बाजू ‘ग्रे’ या नावाने १८ जून २०१५ रोजी, म्हणजे नायकाच्या वाढदिवशी, बाजारात आली. नकलेचे आत्मकथन पाच वर्षे आधी छापून झाले आणि असलाचे रखडले, असा योग वाङ्मयात वारंवार येत नाही.

एल्मर, एडन, ग्रेंज, शूमेकर, मेयर, जेम्स: पुरुषाच्या मनात काय चालते हे सांगणाऱ्या या सगळ्या स्त्रिया आहेत. ठळक अपवाद डोनाल्ड मॅकेग यांचा. ‘गॉन विथ द विंड’च्या (१९३६) लेखिका मार्गारेट मिचेल यांच्या वारसांच्या संमतीने त्यांनी २००७ मध्ये त्या कादंबरीच्या नायकावर ‘ऱ्हेट बटलर्स पीपल’ लिहिले. मॅकेग व्हर्जिनियात मेंढ्या पाळत आणि त्यांचे नाव आधी झाले होते ते मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांवर लिहून.