पन्नास मीटरांचा आहारविवेक

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या विनियमांनुसार शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून 50 मीटरांच्या परिसरात मेद, मीठ वा साखर अधिक असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई आहे. म्हणजे मुलांना योग्य आहार निवडायला शिकविण्याचे काम मोजपट्टीकडे सोपविले गेले असून, एकावन्नाव्या मीटरवर वेफर्सच्या पुड्यांच्या माळा टांगून बसलेला टपरीवाला हा या विनियमांचा सर्वांत काटेकोर वाचक ठरतो. 2025 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांना ‘साखर फलक’, म्हणजे शीतपेयादी पदार्थांतील साखरेचे प्रमाण दाखविणारे तक्ते, लावण्यास सांगितले. फलक उपयुक्तच आहे. मात्र त्याच्याच खाली उभा राहून वाढदिवस असलेला विद्यार्थी वर्गभर चॉकलेटे वाटतो आणि त्यांतली दोन ‘बाईंसाठी’ बाजूला निघतात, यात कोणालाही विसंगती जाणवत नाही. पडवळाची भाजी संपविल्यास गुलाबजाम देण्याचा घरगुती करार तर याहून जुना. त्यातून पडवळ ही शिक्षा व गुलाबजाम हे पारितोषिक, एवढे बालकास पहिल्याच घासात उमगते, आणि पुढे शाळेतील तो तक्ताही ते, कोणत्या बाटलीत पारितोषिक अधिक भरले आहे हे पाहण्यासाठी, मन लावून वाचते.