कळलं हो, काय ऐकताय ते!

काय म्हणावं या लोकांना! सकाळचे सहा वाजलेत, म्हशीची धार काढायची बाकी, चहाचं आधण अजून चढलेलं नाही, आणि शहापूरपासून मुरबाडपर्यंत तमाम जनता व्हॉट्सॲप स्टेटसवर जाहीर करून मोकळी, की आज आम्ही अमुक गाणं ऐकतोय. विचारलं होतं कोणी? ग्रामपंचायतीने दवंडी पिटली होती? तलाठ्याने सातबाऱ्यावर ‘चालू गाणे’ असा नवा रकाना काढलाय? काही नाही! आणि आपण? आपण अंथरुणातच, एक डोळा मिटलेला ठेवून, अंगठ्याने एकेकाचं स्टेटस पुढे सरकवतोय. शी शी, काय हे, म्हणतोय आणि पुढचं उघडतोय.

या वेडात गाणं ऐकायचं नसतं बरं का. ठेवायचं असतं. सकाळच्या कसारा लोकलमध्ये हा सोहळा डोळे भरून बघावा. आसनगावला लोंबकळत चढलेला पोरगा एका हाताने दांडी धरतो आणि खडवली येईपर्यंत दुसऱ्या हाताने गाणं निवडतो. टिटवाळ्यापर्यंत त्यातला नेमका तुकडा कापतो. शहाडला स्टेटस चढलं की कल्याणपर्यंत कोणी कोणी बघितलं ते मोजत बसतो. अख्खं गाणं ऐकलं कधी? असले अडाणी प्रश्न विचारू नयेत. त्याच डब्यात टाळ घेऊन बसणारं भजनी मंडळ आधी या पोरांकडे बघून नाकं मुरडायचं. आता बुवांनी अभंग उचलला की शेजारचा मृदंगाऐवजी मोबाइल उचलतो. बुवांची अट एकच: तोंड डाव्या बाजूने घे, उजवीकडचा दात पडलाय.

मुरबाडला अजून रेल्वे आली नाही. ती येईल तेव्हा येईल, गाणी कोणासाठी थांबलीत? टोकावडे सोडून माळशेजच्या अंगाला निघालात की काही वाड्यांत रेंज रुसून बसते. मग पोरं संध्याकाळी टेकाड चढतात. व्यायामाला? छे! वर दोन काड्या रेंज मिळते. गोल फिरणाऱ्या त्या चक्रीकडे डोळे लावून, देव पाण्यात घालून बसल्यासारखी बसतात. गाणं कोणतं? विरहाचं. विरह कोणाचा? ते अजून ठरायचंय!

आणि पावसाळ्यात आवणीला गेलात तर तिथेही सुटका नाही. बांधावरच्या झुडपाला प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल टांगलेला, आत हळदीचं गाणं ठणाणतंय आणि खाली बाया वाकून रोपं खोवतायत. पूर्वी आवणीला या बाया स्वतः गायच्या. आता त्या गाण्याला साथ देतात आणि मध्येच एकीला हुक्की येते. हात कोपरापर्यंत चिखलाचे, मग काय करावं? तिने पिशवीवरूनच नाकाने बटण दाबलं. नाकाने! पिशवीला चिखलाचा टिळा लागला आणि स्टेटस दिमाखात चढलं. ‘नाकाने कांदे सोलणे’ ऐकलं होतं, नाकाने गाणी वाटणं ही आपल्या तालुक्याची भर.

पण खरी गंमत गाण्यात नसतेच. कोणासाठी ठेवलंय, त्यात असते. चुलत्याने बांध कोरला की पूर्वी माणूस कोर्टाची पायरी चढायचा. आता तो आपल्याच रक्ताने दगा दिल्याचं गाणं ठेवतो. दुपारपर्यंत चुलत्याकडून उत्तरादाखल ‘जळणाऱ्यांनी जळत राहावं’ छापाचं गाणं. संध्याकाळी चुलतीच्या स्टेटसवर देवाचं गाणं, म्हणजे देव बघतोय. रात्री तिसऱ्याच भावकीने विनाकारण एक बासरी वाजवली, तर तिचा अर्थ लावायला पारावर चौघे जमले. नणंद-भावजयींचं तर विचारूच नका, तिथे रोज नवा अल्बम निघतो. राज्यात २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हा हे संकट कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. आता समितीत एक जण नुसता गाणी ऐकायला नेमला पाहिजे, आणि त्याला वेगळा भत्ता दिला पाहिजे.

माणसांचं एक वेळ सोडा, बैलांनी काय पाप केलंय? डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींना पुन्हा परवानगी दिली आणि बैलांना हुरूप आला असेल-नसेल, त्यांच्या गाण्यांना भलताच आला. बैलाच्या नावाचं गाणं, बैलाच्या वाढदिवसाचं गाणं, बैल शर्यत हरला तर ‘पुढच्या वेळी बघू’चं गाणं! पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते, म्हसा गावी जनावरांचा मोठा बाजार लागतो. तिथे दावणीला उभ्या असलेल्या जित्राबाचे दात बघायचे, वशिंड चाचपायचं, हा रिवाज. आता म्हणे त्याचं स्टेटसही बघतात. ज्याच्या खोंडाला गाणं नाही त्याने गिऱ्हाइकाला तोंड कसं दाखवायचं?

हळदीच्या मांडवात तर कळस झाला. आगरी घरातली धवलारीण म्हणजे चालतीबोलती गाण्यांची पेटी. ना कागद, ना पडदा, लग्नाचे सगळे धवले तोंडपाठ. ती मांडवात बसून गाऊ लागली की समोर पंधरावीस मोबाइल वर होतात. तिला वाटतं, वा, पोरांना कौतुक आहे. पोरं करतात काय? चित्र तिचं ठेवतात, तिचा आवाज बंद करतात आणि वरून ‘गुलाबी साडी’ चिकटवतात! म्हातारी धवला म्हणतेय, ओठ हलतायत आणि आतून संजू राठोड गातोय. हे बघून आपण चिडलो की नाही? चिडलो ना! आणि मग चार जणांना पुढे पाठवलं की नाही?

डिसेंबरात आणखी एक धिंगाणा असतो. स्पॉटिफाय २०१९ मध्ये भारतात आलं आणि तेव्हापासून दर वर्षअखेरीस ते सुशिक्षित पोरांच्या हातात वर्षाचा हिशेब ठेवतं: कोणता गायक जास्त, कोणतं गाणं वरचढ, एकूण किती मिनिटं. वर्षात मिनिटं असतात ५,२५,६००. त्यातली लाखभर गाण्यांत घालवली म्हणून कॉलर ताठ करणारे वीर आपल्यात आहेत. लाख मिनिटं म्हणजे रात्री धरून जवळजवळ ७० दिवस! कॉलेजात हजेरीची बोंब का, ते आईबापांना आता कळावं. असाच एक इंजिनिअरिंगवाला वर्षभर इंग्रजी बँडच्या गोष्टी सांगून आपल्याला वात आणत होता. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईत आलं तेव्हा याला तिकीट मिळालं नाही, पण स्टेटसवर तो पहिल्या रांगेत होता. डिसेंबरात हिशेब आला. पहिली पाचही गाणी हळदीची! दोन दिवस गडी तोंड लपवून फिरला. तिसऱ्या दिवशी त्याने तोच हिशेब स्टेटसवर ठेवला आणि खाली लिहिलं, ‘आपली माती, आपली माणसं’. याला म्हणतात सोवळं सुटणं.

‘आमच्या वेळी हे असलं नव्हतं,’ असं खाकरत म्हणणारे जुने लोक कट्ट्यावर असतातच. नव्हतं का? आकाशवाणी मुंबईच्या ‘आपली आवड’ला पोस्टकार्डं कोण पाठवत होतं? गाण्याआधी निवेदक नावं आणि गावं वाचायचे, तेव्हा रेडिओला कान लावून कोण बसायचं? आपलं नाव आलं की गाणं संपायच्या आत शेजारी सांगायला कोण पळायचं? तिकडे झुमरीतलैया नावाचं गाव नुसत्या फर्माइशी धाडून देशभर नावाजलं. मग आला कॅसेटचा जमाना. कल्याण-मुरबाड रस्त्यावर जीपवाले प्रल्हाद शिंदे आणि आनंद शिंदे यांना अशा आवाजात लावायचे की गाडी दिसायच्या आधी पोपट ऐकू यायचा. ड्रायव्हर सध्या काय ऐकतोय हे मुरबाडच्या नाक्याला आपसूक कळायचं. ते स्टेटस नव्हतं तर काय होतं? पोस्टकार्डाला निदान पैसे पडायचे, म्हणून माणूस जरा दमाने घ्यायचा. २०१६ मध्ये जिओ आलं आणि तो धाकही गेला.

म्हणूनच बाटलेल्यांत सगळ्यात कडवे हे जुनेच. एक निवृत्त गुरुजी दर रविवारी मोबाइलच्या दुष्परिणामांवर व्याख्यान द्यायचे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि वेळ जाईना, म्हणून नातवाने त्यांना एक नाट्यगीत ठेवून दिलं. झालं! त्याच सुमारास व्हॉट्सॲपने स्टेटसच्या व्हिडिओची मर्यादा ३० सेकंदांवरून १५ वर आणली. सगळा देश भाजी-दुधाच्या चिंतेत आणि गुरुजी फेऱ्या मारतायत, की पंधरा सेकंदांत आलाप कसा बसवू? त्यांनी आलापाचे चार तुकडे करून चार स्टेटस ठेवले. आता रोज पहाटे भूपाळी, दुपारी ठुमरी, रात्री भैरवी. रविवारचं व्याख्यान बंद आहे, वेळ मिळत नाही म्हणतात.

आणि आपण जे सगळ्यांना नावं ठेवतोय ते काय धुतल्या तांदळासारखे आहोत? सगळ्यात चाणाक्ष जमात आपलीच. निळी टिक बंद ठेवायची, म्हणजे आपण कोणाचं बघितलं ते त्याला कळत नाही. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून! चुलत्याचं गाणं, चुलतीचा देव, बैलाचा वाढदिवस, गुरुजींचा आलाप, सगळं चाटूनपुसून बघायचं आणि पारावर येऊन विचारायचं, ‘काय, काही विशेष?’

तेव्हा मंडळी, एकच विनंती. फुकटात खूप मजा बघून झाली. आजच्या आज त्या निळ्या टिक चालू करा. वाकून बघणारे कोण कोण आहेत, ते अख्ख्या तालुक्याला कळू दे.