रिव्हर्स कोण मारणार?

बापूअण्णा तुमच्याही गावात असणारच. नाव वेगळं असेल, डोक्यावर टोपी नसेल. पण कुणी नवी ट्रॉली घ्यायचं नुसतं मनात आणलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी जो न बोलावता सोप्यात येऊन बसतो आणि चहा संपायच्या आत व्यवहार मोडतो, तो बापूअण्णाच.

आमच्या दादानं गळीत हंगामाच्या तोंडावर चार चाकांची ट्रॉली बघून ठेवली होती. इसार तेवढा द्यायचा राहिला होता. अण्णांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि विचारलं, "रिव्हर्स कोण मारणार?"

"ड्रायव्हर मारंल की."

"कुठला? नाव सांग."

दादाला नाव सांगता येईना. अण्णांनी बशी पालथी घातली. त्या हंगामात आमचा ऊस भाड्याच्या ट्रॉलीतून गेला.

अण्णांचं म्हणणं खोटं असतं तर बरं झालं असतं. दोन चाकांची ट्रॉली ट्रॅक्टरला एकाच पिनवर अडकते. मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवलं की झालं. आठवडाभरात पोरगंसुद्धा शिकतं. चार चाकांच्या ट्रॉलीचा पुढचा एक्सल टर्नटेबलवर फिरतो, म्हणजे ती दोन ठिकाणी मोडते. तिला आधी उलटं, मग उलट्याचं उलटं, आणि तेवढ्यात ती बांधावर. उलट बाजूनं बघाल तर चार चाकांची ट्रॉली आपला भार आपण पेलते. दोन चाकांची थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर टाकते. त्यानं मागच्या चाकांना चिखलात पकड मिळते खरी. पण लोभानं पुढच्या अंगाला जास्त ऊस रचला, की चढावर ट्रॅक्टर घोड्यासारखा पुढचे पाय उचलतो आणि हातातलं स्टिअरिंग शोभेचं उरतं. म्हणून कारखान्याची लांबची खेप चार चाकांवर, शेणखत-माती दोन चाकांवर, हा साधा हिशेब. तो अण्णांनाही ठाऊक आहे. पण हिशेब मांडून झाला की ते पुन्हा मान वर करतात, "ते सगळं खरं. रिव्हर्स?"

एकदा हे वाक्य तोंडात बसल्यावर ते ट्रॉलीपुरतं कशाला राहील? सोसायटीचं कर्ज मंजूर झालं म्हणून कुणी पेढे आणले, तर पेढा तोंडात ठेवून, "घेताना सरळ जातंय. रिव्हर्स कोण मारणार?" पुतणीचं स्थळ बघायला गेले, तर मुलाचं शिक्षण, पगार, शेती सगळं राहिलं बाजूला, परत येऊन सांगितलं, "पोरगं ऐकतंय सगळं, पण मागं घ्यायची सवय न्हाई त्याला." लग्न झालं. जावई खरोखरच हट्टी निघाला, आणि अण्णांचा भाव आणखी वधारला. ग्रामपंचायतीनं स्मशानाचा रस्ता काँक्रीटचा केला, त्याच्या उद्घाटनाला नारळ फुटल्याबरोबर अण्णा पुढं झाले. "शेवटाला वळायला जागा ठिवली न्हाई. रिव्हर्स कोण मारणार?" तिथून कुणीच मारत नाही, हे त्यांना सांगायची सरपंचांची छाती झाली नाही.

जत्रेत ट्रॉली जोडून ट्रॅक्टर मागं घ्यायच्या स्पर्धा असतात. अण्णा तिथं पंच असतात. त्यांना कुणी नेमलेलं नाही.

त्यांची खरी पंचाईत केली ती टँडेमनं. दादानं शेवटी तीच आणली: दोन्ही एक्सल मागं, एकमेकांना चिकटून, पुढं टर्नटेबल नाही. पेलते चार चाकांवर, मागं जाते दोन चाकांच्या शिस्तीत. अण्णांनी एक फेरी मारली. पाटे बघितले, फाळक्याच्या कड्या वाजवून बघितल्या. दुसरी फेरी मारली. बोलेनात. वहिनी घाबरून पाणी घेऊन आल्या. शेवटी त्यांनी दादाला ट्रॅक्टर जागच्या जागी वळवायला लावला, खाली बसले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघ, टायर रगडतंय! आखूड वळणाला ही रबर खाणार!" खातेच ती. माणसाला एवढा आनंद फार कमी गोष्टींनी होतो.

आता मनात नसताना सांगतो. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा भल्याथोरल्या ट्रॉल्या सडकेवर उभ्या होत्या. खालच्या आळीचा बोळ असा, की आत गेलेलं वाहन वळवता येत नाही, आणि लांब ट्रॉली त्या वाकणातून मागं काढायची कुणाची हिंमत नव्हती. अण्णांनी आपली गंजकी दोन चाकांची ट्रॉली बोळात मागं घातली. मान खांद्यावर वळवून, एका हातानं, दोन्ही भिंतींना न घासता. ट्रॅक्टरचं तोंड बाहेरच्या बाजूला. पाणी गुडघ्याच्या वर. बायामाणसं, पोरं, एक शेळी चढली आणि सगळी सवयीनं मागच्या फाळक्याला टेकली.

"वजन पुढं!" अण्णा ओरडले. भार मागं गेला की दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि पाण्यात पकड सुटते. हे समजावायला वेळ नव्हता. त्यांनी सरळ बोट केलं. "पाटलीणबाई, तुम्ही पुढं. अगदी पुढं." पाटलीणबाईंचा त्या आळीत दरारा होता. त्यांच्या वजनाचा उल्लेख चारचौघांत त्याआधी कुणी केला नव्हता. त्या उठल्या आणि पुढं येऊन बसल्या. ट्रॅक्टर निघाला. अण्णांनी अशा खेपा अंधार पडेपर्यंत केल्या.

पाणी ओसरल्यावर लोक त्यांच्याकडं गेले. पाटलीणबाई नारळ घेऊन गेल्या. अण्णा अंगणात जॅक लावून चाक काढून बसले होते. हबमध्ये पाणी शिरून ग्रीस दुधासारखं पांढरं झालं होतं. येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी बेरिंग बोटावर घेऊन ते दाखवलं, दोष जणू ज्याच्या त्याच्या वजनाचा होता. नारळ कुठं ठेवू, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाले, "ठिवा तिकडं. आन् ते रॉकेलचं डबडं सरकवा जरा."