छाटणीकाका

दिवाळीचा तळाचा चिवडा संपला आणि पहाटे फिरायला जाणाऱ्यांच्या तोंडातून वाफ निघू लागली, की पुण्यातल्या जुन्या बंगल्यांच्या सोसायटीत एक गृहस्थ बाहेर पडतात. डोक्याला माकडटोपी, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, पायजम्याच्या खिशात सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री. त्यांचं खरं नाव देखभालीच्या पावतीवर असतं. बाकी सगळे त्यांना छाटणीकाका म्हणतात.

न्हावी जसा माणसाच्या चेहऱ्याआधी डोकं बघतो, तसे काका घराआधी कुंपण बघतात. चहाला बोलावलं तर ते खिडकीशेजारची खुर्ची धरतात. तुम्ही मुलाच्या नोकरीबद्दल सांगत असता आणि काका बाहेरच्या जास्वंदीकडे बघत मान हलवत असतात. मग कप खाली ठेवून म्हणतात, "वहिनी, झाड आतून गुदमरलंय हो." घरची बाई क्षणभर घाबरते. तोवर काका चपला घालून अंगणात पोचलेले असतात.

नोकरीत ते हिशेब तपासनीस होते. दुसऱ्यांचे खर्च कापण्यात हयात गेली. निवृत्तीनंतर कापायला काही उरेना, तेव्हा घरच्या किराण्याची यादी हातात घेतली. काकूंनी ती शांतपणे परत घेतली आणि त्यांना निफाडला मावसभावाकडे पाठवून दिलं. तिथे द्राक्षबागेत ऑक्टोबरची छाटणी चालू होती. वेलीची पिकलेली काडी मोजून, डोळे मोजून, सपासप कापत होते आणि मावसभाऊ सांगत होता, आता यातूनच घड निघणार. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची, ऑक्टोबरमध्ये ती कापून फळ घ्यायचं. वर्षातून दोनदा कापा आणि एकदा खा. काकांना आयुष्यभराच्या नोकरीचा अर्थ त्या बांधावर उभं राहून कळला. परत आले ते सिकेटर घेऊनच. त्या दिवसापासून काकांच्या लेखी पृथ्वीवर एकच झाड आहे, ते म्हणजे द्राक्ष. बाकीची झाडं त्याचीच वळण न लागलेली भावंडं.

गुलाबापुरतं हे खपून जातं. खपून जातं म्हणजे काय, गुलाब काकांनीच छाटावेत. एम्प्रेस गार्डनचं फुलांचं प्रदर्शन 26 जानेवारीच्या आसपास असतं. गुलाबाला छाटणीपासून फुलापर्यंत साधारण दीड ते दोन महिने लागतात. काका कॅलेंडरवर दिवस उलटे मोजत डिसेंबरच्या सुरुवातीला येऊन थांबतात. बाहेरच्या बाजूला तोंड केलेला डोळा शोधायचा, त्याच्या वर अर्धा सेंटिमीटर सोडून तिरका काप घ्यायचा, उतार डोळ्याच्या उलट दिशेला, म्हणजे पाणी डोळ्यावर येत नाही. कलमाच्या सांध्याखालून आलेला रानफुटवा बुडापासून काढायचा. हे करताना काका श्वास रोखून धरतात. बघणाऱ्यालाही रोखावा लागतो. "आतला डोळा ठेवलात तर फांदी आत वळते," ते पुटपुटतात, "आणि आत वळलेली फांदी म्हणजे वशिल्याची नेमणूक. हवा अडवते, काम करत नाही."

अडचण छाटणीनंतर कापांना लावायच्या बुरशीनाशक लेपाची आहे. बोर्डो पेस्टचं पुस्तकी प्रमाण एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. काकांकडे गुलाबाच्या कुंड्या चार. कुणीही सांगेल, दहा-दहा ग्रॅम घ्या, शंभर मिली पाणी घाला. पण प्रमाणाशी छेडछाड करायची नाही, हा नोकरीतला शिरस्ता. मोरचूद धातूच्या भांड्यात चालत नाही म्हणून काकूंची लोणच्याची बरणी, पिठाचा प्लास्टिकचा डबा आणि मोरीतली बादली कामी येते. चार गुलाबांना लेप लावून झाल्यावर उरलेलं निळं रसायन वाया जाऊ नये म्हणून काका सोसायटीतल्या प्रत्येक खोडाला लावत जातात. गेल्या डिसेंबरात त्यात कपडे वाळत घालायचा लाकडी खांबही आला. त्याला अजून कुठलाही बुरशीजन्य रोग झालेला नाही, हे काका आवर्जून दाखवतात.

मोगऱ्याच्या बाबतीत त्यांचं शास्त्र बरोबर आहे, घर फितूर आहे. थंडीत मोगऱ्याचं पाणी तोडायचं, ताण द्यायचा, पानं झडू द्यायची, मग छाटून, माती हलवून, शेणखत घालून पाणी सुरू करायचं. नवी फूट येते आणि कळ्या त्या फुटीवरच येतात. काकांनी कुंडीवर पाटी लावली: 'ताण चालू आहे. पाणी घालू नये.' पण तांदळाचं धुवण मोरीत ओतणं काकूंच्या माहेरच्या शिस्तीत बसत नाही. काका फिरायला गेले की ते मोगऱ्याला मिळतं. महिनाभराचा ताण सोसून मोगरा टवटवीत उभा! काका भिंगातून पानं बघतात आणि म्हणतात, "यंदा दव फार पडतंय."

पण त्यांची खरी कीर्ती झाली ती शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंच्या आंब्यामुळे. बाई डिसेंबरात मुलीकडे गेल्या होत्या. आंब्याची फांदी कुंपणावरून काकांच्या हद्दीत आली होती. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना निफाड दिसलं. शेंडे खुडले की बाजूचे डोळे फुटतात, हे खरंच आहे. पण आंब्याचा मोहोर हिवाळ्यात जून फांदीच्या शेंड्यालाच येतो, आणि काकांनी कापले ते शेंडेच. कुंपणापलीकडच्याही फांद्या त्यांनी समानतेच्या तत्त्वावर घेतल्या. बाई परत आल्या तेव्हा गल्लीतल्या सगळ्या आंब्यांना मोहोर होता आणि त्यांच्या आंब्याला तांबूस, तुकतुकीत, अगदी देखणी पालवी.

बाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आणला आणि काकांना समोर बसवून वाचायला लावला. शहरात झाडाला हात लावण्याआधी महापालिकेची परवानगी लागते. कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला इजा करणंही येतं. काका म्हणाले, "पण बाई, पुढच्या वर्षी बघा." बाई म्हणाल्या, "यंदाचं लोणचं पुढच्या वर्षी घालू का?" त्यावर काकांकडे द्राक्षातलं एकही उत्तर नव्हतं.

तरी माणूस सुधारला असं समजू नका. परवा सोसायटीच्या सभेत अध्यक्षांचं भाषण लांबलं, तेव्हा काका त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघत होते, बाहेरचा डोळा शोधत असावेत.

तुमच्याकडे असा काका असेल तर त्याला दुखवू नका. गुलाब, मोगरा, जास्वंद बिनधास्त त्याच्या हवाली करा. सीताफळ जानेवारी-फेब्रुवारीत पानं गाळून उभं असतं, तेही द्या. पारिजातक फुलून गेल्यावर मागितला तर नाही म्हणू नका. फक्त आंब्याला हात लावू देऊ नका. त्याची छाटणी फळं उतरवल्यावर, जून-जुलैत. तोवर फाटकाला कुलूप घाला आणि किल्ली शक्यतो काकूंकडे द्या.