दोन दादासाहेब, एक पाट

बडोद्याच्या नागरवाड्यातल्या मराठी ओट्यावर सिनेमाचा विषय निघाला की पहिला मान दादासाहेब फाळक्यांचा. साहजिकच आहे, ते इथल्याच कलाभवनात शिकले, म्हणजे घरचेच. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. अडचण एवढीच, की त्याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ लागून गेला होता.

पण त्याला पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान द्यायचा कसा? आरोपपत्र भक्कम आहे: कॅमेऱ्यामागे जॉन्सन नावाचा साहेब, फिल्म धुतली लंडनला, आणि मुळात ते नाटकाचं चित्रीकरण. आज अख्खं युनिट लंडनला जाऊन नाचून येतं, त्याला आपण भव्यता म्हणतो. नाटकाचं चित्रीकरण मल्टिप्लेक्समध्ये तिकीट काढून बघतो, त्याला अभिरुची म्हणतो. सोवळं तेवढं तोरण्यांच्या वाट्याला.

गंमत म्हणजे, मुंबईतल्या जवळजवळ निम्म्या हिंदूंनी ‘पुंडलिक’ पाहिल्याचा दावा तेव्हाच्या जाहिरातीत होता. उरलेल्या निम्म्यांना आमंत्रण होतं. आता त्याची प्रतच उरलेली नाही. त्यामुळे न बघता निकाल देण्याची उत्तम सोय झाली आहे, आणि समीक्षेला आणखी काय लागतं?

पंढरीच्या पुंडलिकानं देवाला विटेवर उभं केलं. तोरण्यांच्या पुंडलिकाला आपण शंभर वर्षांहून अधिक काळ उंबऱ्याबाहेर उभं केलंय. शेजारी आणखी एक पाट मांडला, तर फाळक्यांचं ताट काही कमी भरणार नाही. पण मग वाद कशावर घालायचा?