आत्ताच होता!

रविवारी पहाटे वेताळ टेकडीवर पक्षी बघणाऱ्यांचा घोळका निघाला, की त्यात एक ‘आत्ताच होता’वाले काका असतातच. गळ्यात दुर्बीण, पाठीवर सॅक, सॅकमध्ये सलीम अलींचं पुस्तक. तेही पानं सुटलेलं, कारण कोरी प्रत म्हणजे नवखेपणाची कबुली.

चालता चालता काका एकदम हात वर करून थांबतात. मागची मंडळी एकमेकांवर आदळतात. “ते गिरिपुष्प. त्याच्या खाली, पाचोळ्यात... नवरंग!” सगळ्यांच्या दुर्बिणी वर जातात, मग खाली येतात, कुणाच्या झाकणासकट. तोवर काकांचा उसासा निघालेला असतो. “गेला. आत्ताच होता.”

चारचौघांना दिसणाऱ्या पक्ष्यांत त्यांना रस नाही. भिगवणच्या रोहितांविषयी ते जेमतेम सभ्यपणे बोलतात. एवढा उंच, गुलाबी आणि थव्यानं पाण्यात उभा राहणारा पक्षी कुणीही बघेल! खरा जीव वटवट्यांवर. थंडीत उत्तरेकडून येणारे हे हिरवट-मातकट चिमुकले एकासारखे दुसरे दिसतात आणि क्षणभर फांदीवर टिकत नाहीत. काका भुवईची रेघ, पंखावरची पट्टी पाहून निकाल देतात. अपिलात जावं, तर पक्षीच हजर नसतो. आवाज मात्र ते अचूक ओळखतात, हे मान्य केलंच पाहिजे. कोतवालानं शिक्र्याची नक्कल केली, तरी काका फसत नाहीत.

हे संस्थान पावसाळ्यात खालसा होतं. जुलैत गट आंबोलीला जातो, रात्री, रेनकोट घालून, बेडूक पाहायला. आणि बेडूक हा अत्यंत बेजबाबदार प्राणी आहे: तो जागचा हलत नाही. २००९ साली शास्त्रात नोंदला गेलेला, कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला आंबोलीचा भेक कातळावर बसलेला असतो, आणि पहिलीतल्या पोरालाही तो काकांइतकाच दिसतो. उलट पोर जमिनीच्या जवळ, म्हणून त्याला आधी.

शेवटची आशा मलबारी उडत्या बेडकावर होती. बोटांमधले लालभडक पडदे पसरून हा झाडावरून तरंगत खाली येतो. तो सापडलाही, डबक्यावर झुकलेल्या फांदीवर, फेसाच्या घरट्याशेजारी. आठ टॉर्च तोंडावर, कॅमेऱ्यांचा लखलखाट, तरी पठ्ठ्या ढिम्म.

“काका, हा उडणार कधी?” पोरानं विचारलं.

“माणसं पांगल्यावर,” काका म्हणाले, आणि “तुम्ही व्हा पुढे” म्हणून मागे रेंगाळले.

सकाळी मिसळीचा पहिला घास घ्यायच्या आत त्यांनी सुरुवात केली, “तुमची पाठ वळली मात्र...”