पात्र आहे, पाणी नाही

जूनच्या पहिल्या आठवड्यात रिसोडकडे गेलो होतो. पैनगंगेच्या पुलावर गाडी थांबवली. खाली पात्र चांगलं ऐसपैस, पण पाणी दोन-चार डबक्यांपुरतं, तेही म्हशींनी आपसात वाटून घेतलेलं. मागे बसलेल्या भाच्याला म्हटलं, “पाह्य, नदीले पात्र हाये, पानी नाई.”

“माहं उलटं हाये मामाजी,” तो म्हणाला. “पानी भरपूर हाये, पन मी पात्र नाई.”

मराठीत एम.ए. केलेल्या माणसाला गाडीवर मागे बसवलं की ही जोखीम असतेच.

भाच्याचं पाणी किती, ते आधी सांगतो. एम.ए. प्रथम श्रेणी, बी.एड., टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर पास. वय चौतीस. लग्न व्हायचंय. आमचं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचं लग्न याच गावी लावून दिलं आहे. साहित्यवाल्याचं लग्न वाशिमला जमू शकतं, याचा एवढा एकच लेखी पुरावा उपलब्ध आहे. भाच्यासाठी मुली पाहताना तो मी दोन ठिकाणी सादर केला. दोन्हीकडे एकच प्रश्न आला, “परमनंट हाये का?”

आता अपात्रतेची गोष्ट. २८ जून २०१८ रोजी राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने अधिसूचना काढली, की बी.एड.वालेही पहिली ते पाचवीला शिकवू शकतील. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करावा म्हणजे झालं. भाचा पात्र झाला. पुढे ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बी.एड. ही वरच्या वर्गांना शिकवण्याची तयारी आहे. लहान मुलांना शिकवणं ही वेगळी विद्या आहे. भाचा अपात्र झाला. त्या दिवशी त्याने काही केलं नव्हतं, कांद्याची भजी खात टीव्ही पाहत होता. बसल्या जागी पात्रता जाण्याचा असा अनुभव एरवी फक्त पुढाऱ्यांना येतो, पण त्यांना निदान पक्ष तरी बदलावा लागतो.

“मंग तो सेतू अभ्यासक्रम कर ना,” मी सुचवलं.

“तो निकालाच्या आधी जे नोकरीत लागले त्याह्यच्यासाठी हाये.”

म्हणजे जे आधीच पलीकडच्या काठाला पोचले, त्यांच्यासाठी पूल. अलीकडे उभे असलेल्यांनी पोहत यावं. पोहण्याच्या या प्रकाराला डी.एल.एड. म्हणतात. दोन वर्षांचा कोर्स, पात्रता बारावी पास.

तर एम.ए., बी.एड. भाच्याला घेऊन मी बारावीवाल्यांच्या कोर्सचा अर्ज भरायला नेट कॅफेत गेलो. रांगेत सगळी पोरंपोरी, कोणाच्या ओठावर मिसरूडही नाही. माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून एकीने उठून मला खुर्ची दिली. अर्ज माझाच आहे असा तिचा समज झाला असावा.

कॅफेवाल्या पोराने हात पुढे केला, “बारावीची मार्कशीट.”

भाच्याने अख्खी फाइल पुढे केली. “हे एम.ए.ची, हे बी.एड.ची, हे टीईटीचं सर्टिफिकेट.”

“ते राहू द्या सर. बारावी पायजे. मेरिट बारावीवर लागते.”

बारावी २००९ ची. त्या वर्षी भाच्याला कविता सुचत होत्या, त्यामुळे कला शाखेत एकावन्न टक्के पडले. खुल्या प्रवर्गाला किमान साडेएकोणपन्नास लागतात. मधल्या सोळा वर्षांत त्याने जे जे वाचलं, लिहिलं, पास केलं, ते सगळं एका पिशवीत परत गेलं आणि दीड टक्क्याने इभ्रत वाचली. आणखी दोन कविता सुचल्या असत्या तर तो हाही दरवाजा गमावून बसला असता.

पुढे फोटो. फोटो मोठा झाला. लहान केला, तर भाचा ओळखू येईना. सही वाकडी आली. चौथ्यांदा सही करताना तो मला म्हणाला, “मामाजी, परीक्षेपेक्षा हे अवघड हाये.” कॅफेवाला मान वर न करता म्हणाला, “परीक्षा पुढे हायेत सर. हे फकस्त फॉर्म हाये.”

या कोर्सचा इतिहासही मनोरंजक आहे. आधी तो डी.एड. होता, मग डी.टी.एड. झाला, आता डी.एल.एड. आहे. आपल्याकडे योजना बदलता येत नसली की तिचं बारसं करतात. या शतकाच्या पहिल्या दशकात डी.एड.चा असा सुकाळ होता, की ज्याच्याकडे साखर कारखाना नव्हता त्याने डी.एड. कॉलेज काढलं. डी.एड. झालेला मुलगा म्हणजे जावयांमधला हापूस. मग ऑक्टोबर २०११ मध्ये तीन दिवस राज्यभर पटपडताळणी झाली आणि लाखो विद्यार्थी फक्त हजेरीपटावरच राहतात असं आढळलं. मे २०१२ मध्ये शिक्षक भरती थांबली. २०१७ च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, आली. तिच्या आधारावर ‘पवित्र’ पोर्टलमधून नेमणुका व्हायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात हापूसचं लोणचं झालं.

‘पवित्र’ हे नावही विचारपूर्वक ठेवलेलं असणार. आधीच्या पद्धतीत काय काय होत होतं, ते या एका शब्दात सरकारने मान्य करून टाकलं. तरी सोवळं पूर्ण पाळता आलं नाही. जानेवारी २०२० मधल्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं पुढच्याच वर्षी पुणे पोलिसांनी उघड केलं आणि साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. पात्रता परीक्षेत पात्रतेचा भाव फुटला, एवढाच त्याचा अर्थ.

घरी आल्यावर भाच्याने सोयाबीनचा हिशेब मांडावा तसा वहीत आयुष्याचा हिशेब मांडला. दोन वर्षं डी.एल.एड., म्हणजे छत्तीस. टीईटीचा पहिला पेपर. मग टेट, दोन तासांत दोनशे प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. ही टेट आजवर झाली २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये. धूमकेतूचं वेळापत्रक याहून बरं. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा अडतीस. त्यात बसला तर तीन वर्षं शिक्षण सेवक, मानधन महिना १६,००० रुपये. चाळिशी ओलांडताना परमनंट. शिवाय राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं, की २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी.एड. व्हावी. म्हणजे भाचा पलीकडच्या काठाला हात लावेल तेव्हा काठच सरकलेला असेल.

हे सगळं मी तावातावाने आमच्या शेजारच्या गुरुजींना ऐकवलं. गुरुजी मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेतून निवृत्त झालेले. मला वाटलं, ते कोर्टाच्या नावाने बोटं मोडतील. ते म्हणाले, “कोर्टाचं बरोबर हाये.”

मी गप्प.

“पहिल्या दिवशी मी पोरीपुढं चित्र धरलं, आ आईचा. पोरगी म्हने, याडी. मी म्हनलं, आई. ते म्हने, याडी. भाकरीचं चित्र दाखवलं, तं म्हने, बाटी. गोरमाटी बोलनारं लेकरू ते, त्याचं उत्तर बरोबरच असते, पुस्तक चुकते. मले हे कळाले दोन वर्षं लागले. तवरोक चार पोरं शाळा सोडून ऊसतोडीले गेले. तुह्या भाच्याच्या एम.ए.त भाषाविज्ञान होतं ना? त्यात याडी होती काय?”

नव्हती. भाचा खाली मान घालून बसला.

“पहिलीचा मास्तर हाच खरा मास्तर,” गुरुजी म्हणाले. “दहावीच्या पोराले मास्तर बिघडवू शकत नाई, ते आपलं आपन बिघडते. पहिलीचं पोरगं मास्तरच्या हातात असते.” मग जरा थांबून म्हणाले, “२०२३ मध्ये सरकारनं निवृत्तांना कंत्राटावर घ्यायचं काढलं होतं. महिना २०,०००. पेन्शन वेगळी.”

म्हणजे ज्याचं शिकवून झालं त्याला वीस आणि ज्याला शिकवायचंय त्याला सोळा.

तर मला कोडं पडलं आहे ते असं. लहान मुलांना शिकवणं ही वेगळी आणि अवघड विद्या आहे, हे न्यायालय म्हणतं, परिषद म्हणते, गुरुजी म्हणतात. सरकारलाही ते मान्य आहे, फक्त अर्जाच्या रकान्यात. पगाराच्या रकान्यात आलं की तीच विद्या एकदम सोपी होते.

भाच्याला प्रवेश मिळाला. मेरिटची भीती बाळगली, पण ती वाया गेली. निम्मे बाक रिकामे होते आणि जागा भरत नाहीत म्हणून अर्जाची मुदत वाढत होती. शिकवणारे सर त्याचे बी.एड.चे वर्गमित्र निघाले. शेजारी बसते ती मुलगी दहावीला त्याच्याच शिकवणीला होती. ती वर्गात त्याला ‘सर’ म्हणते, तेव्हा दोघं वळून बघतात. तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवतात. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, नाहीतर घरी जावं. तेव्हापासून त्या घरात बाप-लेक एकाच पुस्तकावर अभ्यास करतात आणि भाचा संध्याकाळी जाऊन दोघांची उजळणी घेतो. तो प्राथमिक शिक्षक व्हायला अजून अपात्र आहे. प्राथमिक शिक्षकांना शिकवायला त्याला कोणी हरकत घेतलेली नाही.

परवा उजळणी संपवून आला आणि म्हणाला, “मामाजी, फुल्यांचं हंटर कमिशनपुढचं निवेदन वाचलं काय?” १९ ऑक्टोबर १८८२ चं ते निवेदन. प्राथमिक शाळेतला मास्तर प्रशिक्षित असावा आणि नांगराचा रुमणा धरायला लाजणारा नसावा, असं जोतीरावांनी त्यात मागितलं. लागलीच पुढे हेही मागितलं, की त्याचा पगार कुठेही बारा रुपयांच्या खाली नसावा आणि मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा. दहाच्या वर सहसा न जाणाऱ्या पगारात चांगला माणूस मिळत नाही, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. प्रशिक्षण आणि पगार, दोन्ही मागण्या एकाच कागदावर होत्या.

त्यातली पहिली मागणी सरकारने मनावर घेतली. इतकी, की कोर्स, टीईटी, टेट, पोर्टल असं सगळं उभं राहिलं. दुसरीचा अर्ज एकशे त्रेचाळीस वर्षं प्रलंबित आहे. तो पुन्हा कुठे भरायचा, त्याची लिंक कोणाकडे असेल तर कृपया भाच्याला पाठवावी. फोटो आणि सही त्याच्याकडे योग्य त्या मापात तयार आहेत.